रोशा तेल आणि कंदकूज : एका संशोधनपद्धतीची समीक्षा

वनस्पतिजन्य बाष्पनशील तेलांच्या योगे जमिनीतील रोगकारकांचे नियंत्रण करता येईल काय, हा प्रश्न गेल्या काही दशकांत भारतीय वनस्पतिरोगशास्त्रात पुनःपुन्हा विचारला गेला आहे. वऱ्हाडापुरता तरी तो केवळ पुस्तकी नाही. पश्चिम विदर्भाच्या बागायतीत हळदीचे पीक घेतले जाते आणि पावसाळ्यात जेथे पाणी साचते तेथे कंदकूज हटकून दिसते. दुसरीकडे, मेळघाटाच्या उतारांवर रोशा गवत, म्हणजेच तिखाडी, आपोआप उगवते. एकोणिसाव्या शतकात वऱ्हाड, खानदेश व निमाड या भागांतील रोशा तेल मुंबईमार्गे तुर्कस्तानापर्यंत जाई आणि तेथे गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई. रोग आणि औषध जणू शेजारी नांदत आहेत. अशा स्थितीत पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे लक्ष या विषयाकडे वळावे हे स्वाभाविकच होय. मात्र त्यासाठी जी पद्धत रूढ झाली आहे, ती विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देण्यास समर्थ आहे काय, हे तपासणे अगत्याचे आहे.

प्रथम परिभाषेविषयी. हळद व आले यांना सर्रास ‘मूळपिके’ म्हटले जाते. वस्तुतः त्यांचा खाण्याचा भाग हे भूमिगत खोड आहे. गाजर, मुळा व रताळे ही खरी मुळे होत. हा भेद शब्दच्छलाचा नाही. खोडाला डोळे असतात आणि पुढील पीक त्या डोळ्यांतूनच उगवते. औषधाने रोगकारकाबरोबर डोळाही मारला, तर बेणे वाचूनही पीक बुडाले असेच होईल.

रूढ पद्धत अशी : आगारयुक्त माध्यमात तेलाची ठराविक मात्रा मिसळावी, मध्यभागी बुरशीचा तुकडा ठेवावा आणि काही दिवसांनी वाढीचा व्यास मोजावा. वाढ थांबली की तेल ‘परिणामकारक’ ठरते. या पद्धतीची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. अनेक तेलांतून थोडी निवडण्यास ती सोयीची आहे. परंतु तिच्यापासून काढले जाणारे निष्कर्ष मात्र तिच्या आवाक्याबाहेरचे असतात. वाढ थांबणे आणि जीव मरणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. तो तुकडा ताज्या माध्यमावर हलवून पाहिल्यावाचून त्यांतील भेद कळत नाही. तेल पाण्यात मिसळत नसल्याने जो निःसारक किंवा द्रावक वापरला जातो, त्याचा स्वतंत्र नियंत्रणप्रयोग नसेल, तर निरोधाचे श्रेय नेमके कोणाचे हेही अनिश्चित राहते.

याहून गंभीर दोष मात्रेच्या हिशेबात आहे. समजा, काचबशीत दशलक्ष भागांस 1000 भाग एवढे तेल पुरेसे ठरले. एक हेक्टर जमिनीचा 15 सेंटिमीटर खोलीचा थर सुमारे 20 लाख किलोग्रॅम भरतो. त्यात तेच प्रमाण साधावयाचे तर सुमारे 2000 किलोग्रॅम तेल लागेल. लागवडीखालील रोशा गवतापासून हेक्टरी वर्षाला साधारणतः 100 किलोग्रॅमच्या आसपास तेल मिळते. म्हणजे एका हेक्टरच्या रक्षणासाठी वीस हेक्टरांचे गवत गाळावे लागेल! शिवाय वऱ्हाडची काळी जमीन ही काही निर्विकार आगार नव्हे. तिच्यातील मॉन्टमोरिलोनाइट प्रकारची चिकणमाती व सेंद्रिय द्रव्ये तेलाचे घटक धरून ठेवतात, सूक्ष्मजीव त्यांचे विघटन करतात आणि उरलेला अंश हवेत उडून जातो.

याउलट बेणेप्रक्रियेचा हिशेब पाहावा. हेक्टरी सुमारे 2500 किलोग्रॅम बेणे बुडविण्यास 1000 लिटर द्रावण लागले, तर त्याच प्रमाणात अवघे एक लिटर तेल पुरते. तेव्हा या संशोधनाचे खरे क्षेत्र जमीन नसून बेणे आहे. आणि तेथेच वर सांगितलेला डोळ्यांचा प्रश्न उभा राहतो. ही शंका काल्पनिक नाही. शहाजिऱ्याच्या तेलातील कार्व्होन हे द्रव्य हॉलंडमध्ये साठवणीतील बटाट्यांचे कोंब रोखण्यासाठीच वापरात आले. जे द्रव्य साठवणीत गुण, तेच बेण्यावर दोष ठरू शकते. म्हणून ज्या प्रबंधात बेण्याच्या उगवणीची नोंद नाही, त्यातील शिफारस शेतकऱ्यापर्यंत जाऊ नये.

तेलाच्या ओळखीबाबतही असाच ढिलेपणा आढळतो. रोशा गवताचे ‘मोतिया’ व ‘सोफिया’ असे दोन प्रकार आहेत. बाह्यरूपाने ते ओळखणे अवघड. परंतु मोतियाच्या तेलात जिरॅनिऑलचे प्रमाण बहुधा तीन चतुर्थांशाहून अधिक असते, तर सोफियाच्या तेलात ते पुष्कळच कमी. प्रकार व घटक न सांगता केवळ ‘रोशा तेल’ म्हणणे म्हणजे प्रयोग पुन्हा करून पाहण्याचा मार्गच बंद करणे होय.

रोगकारकाच्या बाबतीतही विवेक हवा. कंदकुजीस कारण होणारा पिथियम हा खऱ्या बुरशींच्या गटातला नव्हे, तर त्याच्याबरोबर आढळणारा फ्युजेरियम खरी बुरशी आहे. एकावरील निष्कर्ष दुसऱ्यास लागू करता येत नाही. आणि जिरॅनिऑल किंवा युजेनॉल पेशीपटलावर आघात करतात, तेव्हा ते शत्रुमित्र असा भेद मानतीलच असे नाही. त्याच बेण्यावर लावलेली उपकारक ट्रायकोडर्मा बुरशीही त्यात नष्ट होऊ शकते.

यावरून हा विषयच त्याज्य ठरतो असे नव्हे. रताळी व गाजरे यांच्या बंदिस्त साठवणीत तेलाचे उडून जाणे हाच गुण ठरतो, कारण बाष्प फटीफटींत पोहोचते. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ 1969 मध्ये, तर अमरावतीचे विद्यापीठ 1983 मध्ये स्थापन झाले. एकाकडे शेत आहे, दुसऱ्याकडे रसायनशास्त्राची व वनस्पतिशास्त्राची प्रयोगशाळा. तेलाचे पृथक्करण, काचबशी, कुंडी, उगवण आणि अखेर पावसाळ्यातील शेत, अशी ही साखळी दोघांनी मिळून पुरी केली तरच तिला अर्थ आहे. काचबशीतील स्वच्छ वर्तुळ ही संशोधनाची पहिली पायरी होय. तिलाच शिखर मानले, तर त्याची किंमत प्रबंधकार नव्हे, बेणे विकत घेणारा शेतकरी मोजतो.