चार तंतुवाद्ये आणि एक मींड

दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो यांच्या संचाला पाश्चात्त्य अभिजात संगीतात स्ट्रिंग क्वार्टेट म्हणतात. अठराव्या शतकात हायडनने त्याला घडीव रूप दिले. संचालक नसतो, चौघे स्वरलिपीवरून वाजवतात आणि एकमेकांचा श्वास ओळखून लय सांभाळतात.

या चौकटीला सर्वांत मोठा धक्का क्रोनोस क्वार्टेटने दिला. संगीतकार जॉर्ज क्रम्ब यांची, व्हिएतनाम युद्धाच्या छायेतली ‘ब्लॅक एंजल्स’ ही रचना ऐकून डेव्हिड हॅरिंग्टन यांनी १९७३ मध्ये सिएटलला हा संच स्थापला. तेव्हापासून त्याने हजाराहून अधिक नव्या रचना व रूपांतरे करून घेतली.

भारतीय संगीताशी संचाची गाठ ठळकपणे दोन वाटांनी पडली. पहिली चित्रपटसंगीताची. २००५ च्या ‘यूव्ह स्टोलन माय हार्ट’ या संग्रहात राहुल देव बर्मन यांची गाणी आशा भोसले यांनी गायली. तबल्यावर झाकीर हुसेन होते. बर्मन यांच्या काळातल्या मुंबईच्या वाद्यवृंदात गोव्याच्या व्हायोलिनवादकांचा मोठा भरणा होता. त्यांच्यापैकीच माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये रागसंगीत आणि सिंफनी एकत्र आणण्याचा प्रयोग केला. बर्मन यांच्या वाद्यवृंदाचा भरगच्च नाद क्रोनोसने वादनाचे थर एकावर एक चढवून उभा केला. रंग हुबेहूब उतरला, पण गायिकेच्या हरकतीला तंतूंनी उत्तर द्यावे असे प्रसंग थोडेच. क्वार्टेट येथे साथीलाच राहते.

दुसरी वाट अधिक अवघड. २००९ च्या ‘फ्लडप्लेन’मध्ये पंडित रामनारायण यांच्या सारंगीवरील मिश्र भैरवीची आलापी क्वार्टेटसाठी मांडली आहे. सारंगीवर नखाच्या मुळाशी तार दाबून बोट घसरते, आणि तरफा, म्हणजे खालच्या सहकंपनाच्या तारा, गुंजत राहतात. क्वार्टेटला तरफा नाहीत. व्हायोलिन हनुवटीखाली धरले की डाव्या हाताला वाद्य तोलावेही लागते. हिंदुस्थानी वादक मांडी घालून बसतो, वाद्याचे टोक पावलावर टेकवतो, त्यामुळे हात मींडेला, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जायला, मोकळा राहतो. गजाननबुवा जोशी, श्रीधर पार्सेकर, डी. के. दातार यांनी याच मोकळ्या हाताने गायकी अंग सिद्ध केले.

आधारस्वराबाबतही असाच फरक आहे. वारीच्या वाटेवर सणसर गावी तुकोबारायांच्या पालखीचा मुक्काम पडतो, तेव्हा दिंडीतल्या वीणेचा सूर भजनाला धरून ठेवतो. मराठी कान अशा अखंड सुरावर पोसलेला आहे. क्वार्टेटची घडण मात्र बदलत्या स्वरमेळांवर उभी आहे. मिश्र भैरवीत क्रोनोसने स्वरमेळांचा मोह सोडून एका सुरापाशी थांबणे पत्करले, म्हणूनच हा प्रयोग आधीच्या संग्रहापेक्षा खोल जातो.

तरीही तेथे आलापी उतरवून घेतलेली आहे, जागेवर सुचलेली नाही. क्वार्टेटने रागाचा उच्चार आत्मसात केला आहे. उपज अजून साधायची आहे. ती गायकी अंगाच्या व्हायोलिनवादकांपाशी आहे आणि चौघांच्या सहवादनाची शिस्त क्वार्टेटपाशी. दोन्हींची तालीम एकाच खोलीत झाली, तरच पुढची सीमा ओलांडली जाईल.