संशयाच्या पलीकडचे वाचन : ईव्ह कोसॉफ्स्की सेजविक यांची समीक्षा

प्रास्ताविक :

साहित्यसमीक्षेतील क्विअर सिद्धान्ताचा विचार करताना ईव्ह कोसॉफ्स्की सेजविक (१९५०–२००९) या अमेरिकन विदुषीला वगळून पुढे जाता येत नाही. कॉर्नेल व येल येथे शिक्षण, काही महाविद्यालयांत अध्यापन, १९८८ पासून दशकभर ड्यूक विद्यापीठ आणि त्यानंतर न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीचे पदव्युत्तर केंद्र असा त्यांचा प्रवास झाला. या कारकिर्दीचे सामान्यतः दोन भाग पाडले जातात. पूर्वार्धातील सेजविक म्हणजे साहित्यकृतीच्या पोटात दडलेले उघडे करणारी संशयी समीक्षक. उत्तरार्धातील सेजविक म्हणजे आजारपणानंतर सांधणाऱ्या वाचनाकडे वळलेली लेखिका. ही विभागणी सोयीची आहे; परंतु त्यांच्याच ग्रंथांसमोर ती टिकत नाही, हे दाखविण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

त्रिकोणातील तिसरी :

'बिट्वीन मेन' (१९८५) या ग्रंथाने सेजविक यांची ओळख प्रस्थापित झाली. एका स्त्रीसाठी झगडणाऱ्या दोन पुरुषांमधील स्पर्धेचा बंध हा त्या स्त्रीविषयीच्या प्रेमाइतकाच तीव्र असतो, हे सूत्र त्यांनी रने जिरार यांच्याकडून घेतले. स्त्री ही पुरुषापुरुषांतील व्यवहाराचे माध्यम ठरते, ही दृष्टी गेल रुबिन यांच्याकडून. नवे होते ते या दोहोंच्या जुळणीतून निघालेले निरीक्षण. मैत्री, आश्रय, स्पर्धा, व्यवसाय यांतील पुरुषांचे परस्परसंबंध आणि समलैंगिक आकर्षण यांच्यामध्ये समाज जी भिंत उभी करतो, तिच्यातूनच पुरुषसत्तेला धाक घालण्याचे साधन मिळते.

डिकन्सच्या 'अवर म्युच्युअल फ्रेंड'चे वाचन या दृष्टीने मुळातून पाहण्यासारखे आहे. लिझी हेक्समवर यूजीन रेबर्न आणि ब्रॅडली हेडस्टोन दोघेही आसक्त आहेत. पण हेडस्टोनचे चित्त लिझीपेक्षा यूजीनच्या मागावर अधिक असते. तो गरिबीतून वर आलेला शाळामास्तर, तर यूजीन सुखवस्तू वकील. यूजीन त्याला रात्री-अपरात्री लंडनच्या रस्त्यांवरून आपल्यामागे फिरवतो व त्यात मौज मानतो. सेजविक येथे केवळ दडलेली वासना शोधून थांबत नाहीत. स्वतःवर ताबा ठेवणे हीच ज्याची सामाजिक पुंजी आहे, त्या वर्गातील माणसाला ही आसक्ती कशी उद्ध्वस्त करते, ते त्या दाखवितात. लैंगिकता आणि वर्ग यांची अशी सांगड त्या काळच्या समीक्षेत क्वचितच आढळते.

मात्र या मांडणीची उणीवही नोंदविली पाहिजे. त्रिकोणातील स्त्री पुरुषांमधील माध्यम आहे, हे सिद्ध करताना विवेचनातही ती बऱ्याच अंशी माध्यमच राहते. स्त्री-स्त्री संबंधांचा विचार तर या ग्रंथात जवळजवळ नाही.

जाणणे आणि न जाणणे :

'एपिस्टेमॉलॉजी ऑफ द क्लोजेट' (१९९०) हा त्यांचा सर्वाधिक चर्चिला गेलेला ग्रंथ. क्लोजेट म्हणजे कपाट. समलैंगिकता लपवून जगण्याची ती रूढ प्रतिमा आहे. सेजविक यांचा भर लपविणाऱ्यापेक्षा त्याच्या भोवतालच्या व्यवस्थेवर आहे : कोणी काय जाणायचे आणि कोणी जाणूनही न जाणल्याचे सोंग करायचे, हे सत्ता ठरविते. यासाठी त्यांनी दिलेले मेरीलँड राज्यातील अकॅनफोरा या शिक्षकाचे उदाहरण विलक्षण बोलके आहे. समलैंगिक असल्याचे कळल्यावर त्याला अध्यापनातून दूर केले गेले. १९७३ मध्ये पहिल्या न्यायालयाने त्याच्याविरुद्ध निर्णय दिला, कारण तो वृत्तमाध्यमांसमोर वाजवीपेक्षा जास्त बोलला. वरच्या न्यायालयाने त्याचे जाहीर बोलणे ग्राह्य धरले, पण अपील फेटाळले. कारण विद्यार्थिदशेतील समलैंगिक संघटनेचे सदस्यत्व त्याने नोकरीच्या अर्जात नमूद केले नव्हते. सांगितले तरी अपराध, न सांगितले तरी अपराध! या एका खटल्यातून ग्रंथाचे शीर्षक जितके उलगडते, तितके पुढच्या अनेक पानांतील तात्त्विक परिभाषेतून उलगडत नाही. सेजविक यांची वाक्ये दीर्घ व गुंतागुंतीची आहेत आणि प्रत्येक ठिकाणी ती गुंतागुंत आशयाने लादलेली आहे, असे म्हणवत नाही.

सेजविक या एका पुरुषाच्या विवाहित पत्नी होत्या. त्यामुळे समलैंगिक पुरुषांविषयी लिहिण्याचा त्यांचा अधिकार काहींनी नाकारला. दुसरीकडे जेन ऑस्टिन आणि हस्तमैथुन यांना एकत्र आणणाऱ्या त्यांच्या निबंधाचे केवळ शीर्षक घेऊन, निबंध छापून येण्यापूर्वीच, मानव्यविद्यांच्या अधःपाताचा पुरावा म्हणून ते मिरविले गेले. न वाचता निकाल देणाऱ्यांना 'जाणूनबुजून जोपासलेले अज्ञान' ही सेजविक यांचीच कल्पना नेमकी लागू पडते.

सांधणारे वाचन :

१९९१ मध्ये सेजविक यांना स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले. एड्सच्या साथीत त्यांच्या निकटचे अनेक जण याच सुमारास मृत्युमुखी पडत होते. १९९७ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेला व पुढे 'टचिंग फीलिंग' (२००३) मध्ये समाविष्ट झालेला संशयी आणि सांधणाऱ्या वाचनावरील निबंध या पार्श्वभूमीवर पाहावा लागतो. एड्सचा विषाणू मुद्दाम पसरविला गेला अशी अफवा तेव्हा होती. ती खरी निघाली असे मानले, तरी सत्ताधाऱ्यांना काही लोकांच्या मरणाची पर्वा नसते, याहून अधिक काय कळणार? हा सिंडी पॅटन यांच्याशी झालेल्या संभाषणातील प्रश्न निबंधाच्या आरंभीच येतो. उघडकीस आणले की बदल होतो, या समीक्षेतील श्रद्धेलाच तो धक्का देतो.

या निबंधाचा आधार घेऊन संशयी समीक्षेला निरोप देण्याची प्रथा पुढे पडली. सेजविक यांना ती अभिप्रेत नव्हती. मेलानी क्लाईन यांच्याकडून घेतलेल्या परिभाषेत त्या 'भूमिका' असा शब्द वापरतात. एकच वाचक एका भूमिकेतून दुसरीत जातो-येतो. संशयाचे मोल त्या नाकारीत नाहीत. तोच वाचनाचा एकमेव मार्ग मानण्याला त्यांचा विरोध आहे.

याचा पुरावा १९९० च्या ग्रंथातच मिळतो. हेन्री जेम्सच्या 'द बीस्ट इन द जंगल' या कथेत आपल्या आयुष्यात काहीतरी भयंकर घडणार, या गुपिताभोवती जॉन मार्चर जगतो आणि मे बार्ट्रम हे गुपित सांभाळीत आयुष्य वेचते. तिचे प्रेम मार्चरला ओळखता आले नाही, हा कथेचा रूढ अन्वय. सेजविक मार्चरच्या गुपिताची उकल समलैंगिकतेच्या शक्यतेतून, म्हणजे संशयी पद्धतीनेच, करतात. परंतु त्यानंतर त्या मेकडे वळतात. मार्चरने आपल्यावर प्रेम करावे एवढेच तिला हवे नव्हते. त्याच्या ठायी जी कोणती लैंगिकता असेल ती त्याला मोकळेपणी सापडावी, अशी तिची इच्छा त्या वाचतात आणि त्याच्या नकाराने तिचे आयुष्य कसे झिजले, तेही सांगतात. पाच वर्षांपूर्वीच्या ग्रंथात माध्यम होऊन राहिलेल्या स्त्रीला येथे स्वतःचे मन मिळाले आहे, आणि हे लिहिले गेले तेव्हा सेजविक यांच्या आजाराचे निदान व्हायचे होते.