पुन्हा पुन्हा बारसं

२०२५च्या नोव्हेंबरात इफ्फीचं, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचं, उद्घाटन पणजीच्या रस्त्यावर चित्ररथ काढून झालं. शिगमो आणि कार्निव्हल अंगावर खेळवणाऱ्या शहराला चित्ररथांचं काय कौतुक? मलाही त्यांचा राग नाही. सिनेमावाल्यांनी वर्षातून एकदा रस्त्यावर यावंच. मला खुपलं ते वेगळंच. फिल्म बाजारच्या नावाआधी ‘वेव्हज’ हा शब्द येऊन बसला होता.

२००७पासून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ (एनएफडीसी) गोव्यात चित्रपटांच्या देवघेवीचा हा बाजार भरवते. ‘द लंचबॉक्स’सारखा सिनेमा संहिता असताना या बाजारातून गेला. दोन शब्दांचं नाव, पण त्यात घासाघीस होती, गर्दी होती, ‘घेता का?’ असा सरळ प्रश्न होता. ‘वेव्हज’ हे २०२५च्याच मे महिन्यात मुंबईत भरलेल्या सरकारी परिषदेचं नाव. ते आणून इथे लावलं. ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहितात ना, तसं. नवरीला कुणी विचारत नाही.

या महोत्सवाला नावं देण्याची आणि घेण्याची सवय जुनी आहे. म्हणून जरा मागे जातो. सगळा इतिहास सांगणार नाही, तो स्मरणिकेत दर वर्षी असतो.

१९५२च्या जानेवारीत मुंबईत पहिला महोत्सव फिल्म्स डिव्हिजननं भरवला. स्पर्धा नव्हती. मुंबईचा मुक्काम आटोपल्यावर चित्रपट मद्रास, दिल्ली, कलकत्त्याला गेले. भारताकडून ‘आवारा’, ‘पाताळ भैरवी’, ‘बाबला’ आणि आपला ‘अमर भूपाळी’. त्यात ‘बायसिकल थीव्हज’ पाहून बिमल रॉय ‘दो बिघा जमीन’कडे वळले, ही गोष्ट इतक्यांदा सांगून झाली आहे की तिचा आता गंडा-ताईत झालाय. तिच्यातली एक बाब मात्र कुणी बोलत नाही. या महोत्सवाची सर्वांत मोठी कामगिरी घडली तेव्हा मोर अजून अंड्यातून बाहेर यायचा होता. सुवर्णमयूर हा पुरस्कार आला १९६५मध्ये. ज्युरीचे अध्यक्ष सत्यजित राय होते आणि पहिला मान सिलोनच्या लेस्टर जेम्स पेरिस यांच्या ‘गम्पेरालिय’ला मिळाला. निवड चोख होती. पण बिमलदांचा सिनेमा ज्यानं बदलला, त्या चित्रपटाला इथे कुणी पदक दिलं नव्हतं. तो नुसता दाखवला होता.

आणि मग माझा लाडका काळ. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर ठरलं की स्पर्धेचा महोत्सव एक वर्षाआड दिल्लीत होईल आणि मधल्या वर्षी सिनेमा बनवणाऱ्या एखाद्या शहरात बिनस्पर्धेचा मेळा भरेल. त्याचं नाव फिल्मोत्सव. महा अधिक उत्सव बरोबर महोत्सव, हे शाळेत घोकलेल्या कुणालाही हा शब्द ऐकून गुदगुल्या व्हाव्यात. इंग्रजी शब्दाच्या शेपटीला संस्कृत उत्सव जोडून रीतसर गुणसंधी! सरकारी खात्यात असा शब्द कुणाला सुचला असेल त्याला मी मनोमन सलाम करतो. तो उच्चारायला फलक वाचावा लागत नव्हता, आद्याक्षरं फोडावी लागत नव्हती. आणि नावासारखंच त्याचं वागणं होतं. १९८०ला बंगळूर, १९८२ला कलकत्ता, १९८४ला मुंबई, १९८६ला हैदराबाद, १९८८ला त्रिवेंद्रम. वारकऱ्यासारखा चालत राहिला.

१९८४च्या मुंबईत मी कॉलेजात होतो. बाल्कनीच्या पायरीवर बसलो होतो, शेजारी एका बँकेतले गृहस्थ मांडीवर रिकामा डबा घेऊन. प्रिंटवर सबटायटल्स नव्हती. दोन तास आम्ही चेहरे वाचत राहिलो. दिवे लागल्यावर ते म्हणाले, “कळलं का काही? मलाही नाही. उद्या परत आहे, येतो.” दुसऱ्या दिवशी खरंच आले, आणि बरोबर बायकोला आणलं. समीक्षा कशाला म्हणतात हे मला पुढे पुस्तकांनी शिकवलं, पण उद्या परत येणं त्या गृहस्थांनी शिकवलं.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी फिल्मोत्सव इफ्फीत विरघळवला गेला. सोय झाली असेल. शब्द गेला.

बाकीच्या महोत्सवांची दखल घ्यायची तर पटकन घेतो. मुंबईचा ‘मामी’: तो भरवणाऱ्या अकादमीचं नाव इतकं बोकाळलं की ‘मुंबई फिल्म फेस्टिव्हल’ हे खरं नाव लोक विसरले. पुढे प्रायोजकामुळे ते ‘जिओ मामी’ झालं, जे ऐकून मला कायम भाच्यानं दिलेला आशीर्वाद वाटे. मग जिओही गेलं, आणि २०२५मध्ये महोत्सवच झाला नाही. पुण्याचा पिफ नेटका आहे, घरच्यासारखा, आणि घरात असतो तितकाच धोका पत्करतो.

गोव्याबद्दल अन्याय नको. २००४मध्ये इफ्फी तिथे गेला आणि जुन्या मेडिकल कॉलेजच्या आवारात मल्टिप्लेक्स उभं राहिलं. मांडवीच्या काठानं चालत दोन खेळांमधला वेळ काढता येतो, हे सुख दिल्लीत नव्हतं. गोव्याचेच दिग्दर्शक शेटगावकर यांच्या ‘पलतडचो मुनिस’नं २००९ला टोरंटोत समीक्षकांचं पारितोषिक आणलं. ‘गोदावरी’साठी जितेंद्र जोशीला रौप्यमयूर मिळाला तेव्हा मीही टाळ्या पिटल्या. तरी एक गोष्ट सांगतो. कायमचा पत्ता मिळाला की माणूस भिंती रंगवायला लागतो. चित्रपट तेच, रांगा त्याच, आणि दर वर्षी कुठल्या तरी विभागाला नवी पाटी. २०१९ला पन्नासावा म्हणून सुवर्णमहोत्सव झाला, वास्तविक पहिला भरून तेव्हा सदुसष्ट वर्षं होऊन गेली होती. पहिल्या नि दुसऱ्या महोत्सवात नऊ वर्षांचा खड्डा आहे, तो मोजणीत दिसत नाही.

पाट्या बदलण्यात इतका मोकळा हात असलेल्यांना दुसऱ्याचं नाव मात्र सोसत नाही. २०१७ आठवा. सनल कुमार शशिधरन यांच्या चित्रपटानं रॉटरडॅममध्ये टायगर पुरस्कार घेतला तो ‘सेक्सी दुर्गा’ या नावानं. सेन्सॉर बोर्डानं त्याचं ‘एस दुर्गा’ केलं. इफ्फीतल्या इंडियन पॅनोरमा विभागाच्या ज्युरीनं तो निवडला, माहिती-प्रसारण मंत्रालयानं काढला. त्याच्याबरोबर रवी जाधवांचा ‘न्यूड’ही काढला, जो पॅनोरमाचा उद्घाटनाचा चित्रपट ठरला होता. ज्युरीचे प्रमुख सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला. दिग्दर्शक केरळ उच्च न्यायालयात गेले, न्यायालयानं दाखवा म्हटलं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की पडद्यावरच्या शीर्षकात ‘एस’नंतर तीन चौकोन आहेत. पुसलेल्या अक्षरांच्या जागा! प्रमाणपत्र फेरतपासणीला गेलं, महोत्सव संपला, सिनेमा दाखवायचा राहिला. ज्या चौकोनांत काहीच लिहिलेलं नव्हतं त्यांचा इतका धसका.

‘न्यूड’ पुढच्या एप्रिलात चित्रगृहांत आला. जे. जे. कला महाविद्यालयात मॉडेल म्हणून बसणाऱ्या बाईची गोष्ट, कल्याणी मुळेचं काम. लोकांनी पाहिला, गाव पेटलं नाही.

कुणी म्हणेल, सरकारच्या पैशानं चालतं म्हणजे हे ओघानं आलंच. हे मला पटत नाही. १९५२चा महोत्सव सरकारचाच होता, फिल्मोत्सवही सरकारचाच. आणि सरकारी दारातून बाहेर पडूनही महोत्सव करता येतो, हेही मुंबईत झालंय. मिफ, म्हणजे माहितीपटांचा महोत्सव (१९९०ला तो ‘बिफ’ म्हणून जन्मला, मग शहराबरोबर त्याचंही आद्याक्षर बदललं). २००४च्या मिफसाठी भारतीय माहितीपटांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घातली गेली. माहितीपटवाल्यांनी प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात स्वतःचा महोत्सव मांडला. नाव ठेवलं ‘विकल्प’. त्याला अर्थ समजावून सांगणारी पुस्तिका लागली नाही. खुर्च्या कमी पडल्या, लोक जमिनीवर बसले.

म्हणून माझी मागणी अशी. इफ्फीचं नाव काय हवं ते ठेवा, बाजाराला लाटा जोडा, वारा जोडा. पण एक वर्षाआड तो पणजीतून हलवा. कोल्हापूरला न्या, जिथे बाबूराव पेंटरांनी सिनेमा उभा केला. इंफाळला न्या, मदुराईला न्या. चित्रगृहं नाहीत हे कारण सांगू नका, पणजीतही २००४च्या आधी ते मल्टिप्लेक्स नव्हतं. स्पर्धा नको, चित्ररथ नको. आणि मंत्रालयाच्या फायलींत ‘फिल्मोत्सव’ हा शब्द कुठे पडला असेल तर धूळ झटकून काढा, नवीन कोरून आणायचा खर्च वाचेल. पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला ‘एस दुर्गा’ लावा, शीर्षकातल्या तिन्ही चौकोनांसकट.