'चाल' : श्रवणाच्या एका नोंदीचा विचार

मराठी संगीत नाटकाची जुनी छापील प्रत उघडली असता पदांच्या डोक्यावर एक लहानशी टीप दृष्टीस पडते. आरंभी 'चाल' हा शब्द, त्यापुढे दुसऱ्याच कोणत्या तरी गाण्याचे पहिले दोन-तीन शब्द, आणि बहुधा राग व ताल यांचा निर्देश, एवढाच तिचा ऐवज. वाचक तिच्यावरून नजर उचलून पदाकडे वळतो. अभ्यासकही बहुधा तेच करतो. नटाच्या सोयीसाठी केलेली ही खूण, एवढाच तिचा अर्थ धरला जातो. परंतु गाण्यात रमणारी माणसे सध्या आपल्या कानी काय घोळत आहे हे एकमेकांस कसे कळवितात, असा प्रश्न विचारला, तर त्याचे मराठीतील एक जुने लिखित उत्तर या टिपेतच सापडते. नाटककाराने पद रचिले तेव्हा त्याच्या कानात काय होते, याची ती नोंद आहे. आणि ती त्याने स्वतःपुरती न ठेवता छापून दिलेली आहे.

भाषेच्या दृष्टीने ही टीप पाहण्यासारखी आहे. तिच्यात क्रियापद नाही, कर्ता नाही. ते मूळ गाणे कोणाचे, कोणत्या भाषेतले, कोठे ऐकले, यांपैकी काहीही ती सांगत नाही. 'ते गाणे तुम्हांस ठाऊक आहेच' हे तिचे गृहीत आहे. ज्याने मूळ गाणे ऐकले आहे त्याला दोन शब्दांत सर्व चाल आठवते. ज्याने ते ऐकलेले नाही त्याच्यापुरती ही टीप मुकीच राहते. दर्शक सर्वनामाचे कार्य असेच असते. 'तो' म्हणताना ऐकणाऱ्याला कोण तो हे माहीत असावे लागते. म्हणून 'चाल अमुक' हे वर्णन नव्हे, ते बोट दाखविणे आहे. आणि बोट दाखविण्यासाठी दोघे एकाच अंगणात उभे असावे लागतात.

यावर असा आक्षेप संभवतो की, ही टीप मुळात गाणाऱ्या नटासाठी होती, श्रोत्यांशी तिचा संबंध काय? आक्षेप अर्धा खरा आहे. नटाला ती लागत असे, यात शंका नाही. पण नाटकांतील पदांची पुस्तके प्रेक्षकही विकत घेत, घरी नेत, आणि पेटीवर ती पदे म्हणून पाहत. त्या घरात टीप वाचणारा नट नव्हता, श्रोता होता. नाटककार व प्रेक्षक यांच्या कानांत एकच साठा आहे अशा भरवशावर ती छापली जात होती.

हा साठा कोणता, याचे उत्तर काळानुसार बदलते, आणि हेच या टिपेचे खरे मोल आहे. 1843 साली सांगलीस विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले, त्यामागे कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ होते, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. सांगलीच्या अधिपतींनी, चिंतामणराव पटवर्धनांनी, कन्नडात पाहिले-ऐकिले ते मराठीत हवे म्हणून सांगितले. म्हणजे मराठी नाटकाच्या आरंभी एक ऐकणे आहे, आणि तेही दुसऱ्या भाषेतले. पुढे 1880 साली 'शाकुंतल' व 1882 साली 'सौभद्र' रंगभूमीवर आले. त्यांचे कर्ते अण्णासाहेब किर्लोस्कर हे बेळगाव भागातील गुर्लहोसूरचे. साकी, दिंडी, लावणी, कीर्तनातील वळणे यांच्या जोडीला कानडी पदांच्या चाली त्यांनी मोकळेपणाने घेतल्या. 1911 सालच्या 'मानापमान'पासून व 1916 सालच्या 'स्वयंवर'पासून मात्र चित्र पालटते. खाडिलकर स्वतः सांगलीचे. पण त्यांच्या पदांना चाली देणारे गोविंदराव टेंबे व भास्करबुवा बखले यांच्या कानांत हिंदुस्थानी बंदिशींचे घर होते. टिपेतील शब्द त्यामुळे व्रज व हिंदी वळणाचे होतात आणि कानडी शब्द मागे सरतात. महाराष्ट्राचा कान दक्षिणेकडून उत्तरेकडे वळला, असे संगीताच्या इतिहासात विधान केले जाते. त्याचा पुरावा मोजून दाखविता येईल असे साधन या टिपांखेरीज क्वचितच मिळेल. मोजणी करणाऱ्याने ख्यालाच्या विजयाची कथा आधीच ठरवून बसू नये, इतकेच पथ्य पाळावे.

या टिपेशेजारी स्वरलिपी ठेवून पाहिली असता दोहोंतील भेद उघड होतो. विष्णु दिगंबर पलुसकर यांचे शिक्षण मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी झाले. 1901 साली त्यांनी लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले आणि आपल्या लिपीत पुस्तके छापली. विष्णु नारायण भातखंडे यांची लिपी निराळी, परंतु उद्देश तोच. स्वरलिपी अनोळखी माणसाशी बोलते: हे गाणे तू कधी ऐकले नसशील, तरी येथून ते तुला काढता येईल. 'चाल' ही ओळखीच्याशी बोलते. लाहोरासारख्या दूरच्या शहरात विद्यालय चालवावयाचे तर पहिलीच हवी होती. तथापि स्वरलिपीत स्वर येतात. ते गाणे कोण कोणाबरोबर ऐकत होता, ही गोष्ट तीत येत नाही.

मराठी संगीतसमीक्षेने ही दुसरी गोष्ट बहुतांशी सोडूनच दिली. वामनराव देशपांडे यांच्या 'घरंदाज गायकी' (1961) या ग्रंथाची योग्यता मोठी आहे, पण त्याचा विषय गायक आणि घराणे हा आहे. श्रोता तेथे 'रसिक' या एका शब्दात आटोपतो. केशवराव भोळे यांचे लेखन या बाबतीत अधिक उपकारक वाटते. 'वसुंधरा'त त्यांनी गायकांवर लिहिले ते 'एकलव्य' या नावाने. दुरून ऐकून शिकणाऱ्याचे हे नाव त्यांनी घ्यावे, यात समीक्षकाने श्रोत्याची जागा पत्करलेली आहे. तरीही त्यांच्याही लेखनात एकटा श्रोता एका गायकापुढे बसलेला असतो. वस्तुस्थिती अशी की, ऐकणे बहुधा दुसऱ्याच्या ऐकण्यातून लागते. भीमसेन जोशी यांनी लहानपणी गदगला एका दुकानात लावलेली अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतील ठुमरी ऐकली आणि 1933 साली गुरूच्या शोधात घर सोडले, हे पुष्कळदा सांगितले जाते. सांगताना भर असतो तो मुलाच्या ओढीवर. तबकडी ज्याने लावली त्या दुकानदाराचे नाव कोणी विचारीत नाही. खाँसाहेब मिरजेस स्थायिक झालेले, ऐकणारा मुलगा कन्नड घरातला, आणि मधला दुवा म्हणजे आपल्याला आवडलेले रस्त्यावर ऐकू जावे अशा रीतीने लावणारा कोणी एक.

हा दुवा भाषेत कसा दिसतो, हे पाहण्यास सांगली जिल्ह्याचा पूर्वभाग, विशेषतः जत तालुका, सोयीचा आहे. डफळ्यांचे हे संस्थान 1948 साली मुंबई राज्यात विलीन झाले; 1949 साली झालेल्या दक्षिण सातारा जिल्ह्यात ते आले, आणि 1960 साली त्या जिल्ह्याचे नाव सांगली झाले. जतहून विजयपूर सांगलीपेक्षा जवळ पडते. तालुक्यात कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. गुड्डापूरच्या दानम्मादेवीच्या यात्रेस दोन्ही राज्यांतून माणसे येतात. उमदीचे भाऊसाहेब महाराज ज्या इंचगिरी संप्रदायाचे, त्यात मराठी अभंगांबरोबर कन्नड पदेही म्हटली जातात. याच जिल्ह्यातील, 'कुपवार' या नावाने उल्लेखिलेल्या गावाचा अभ्यास गंपर्झ व विल्सन यांनी 1971 साली प्रसिद्ध केला. तेथील कन्नड, मराठी व उर्दू बोलींची वाक्यरचना एकमेकींच्या इतकी जवळ आली आहे की, शब्दाच्या जागी शब्द ठेवला तरी वाक्य पुरे होते, आणि तरीही प्रत्येक घर आपले शब्द सोडीत नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. रचना एक, शब्द वेगळे. किर्लोस्करांनी कानडी पदावर मराठी पद बसविले तेव्हा याहून निराळे काय घडले? भाषाभ्यासकाने ज्याला अभिसरण म्हणावे, त्यालाच नाटककार 'चाल' म्हणत होता.

श्रवणाच्या शब्दांतही हे जवळपण दिसते. मराठीत दिवा लावतात, तेल लावतात, रंग लावतात आणि रेडिओही लावतात. उत्तर कर्नाटकातील कन्नडात या चारही ठिकाणी 'हच्चु' हे एकच क्रियापद चालते. परंतु एका जागी दोन्ही भाषा वेगळ्या होतात. कन्नडात 'केळु' म्हणजे ऐकणे, आणि 'केळु' म्हणजेच विचारणे व मागणे. मराठी 'ऐकणे' आज्ञा पाळण्यापर्यंत जाते, 'ऐकविणे' चार शब्द सुनावण्यापर्यंत जाते; मागण्यापर्यंत दोन्ही पोहोचत नाहीत. त्यासाठी मराठीने फारसीतून 'फर्माईश' घेतली. बैठकीतील फर्माईश आणि आकाशवाणीवरील फर्माईश यांच्या मुळाशी जी गोष्ट आहे, ती कन्नड एका धातूत सांगून मोकळी होते: ऐकणारा तोच मागणारा.

आकाशवाणीचे धारवाड केंद्र 1950 साली, पुण्याचे 1953 साली व सांगलीचे 1963 साली सुरू झाले. मराठी केंद्रांवरील 'आपली आवड'सारख्या कार्यक्रमांत गीताआधी पत्रे पाठविणाऱ्यांची नावे व गावे वाचली जात. सुशिक्षितांनी या नावांच्या माळेची थट्टाच केली. स्वतःचे नाव ऐकण्यासाठी लोक पत्रे लिहितात, त्यांना गाण्याशी कर्तव्य नाही, असे म्हटले गेले. हिंदी कार्यक्रमांतून आता झारखंडात असलेले झुमरी तलैया हे गाव अशाच थट्टेतून देशभर प्रसिद्ध झाले. ही थट्टा उथळ आहे. त्या काळी श्रोत्याने काय ऐकावे हे ठरविण्याची हौस सरकारासही होती. बा. वि. केसकर हे नभोवाणीमंत्री असताना 1952 नंतर चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली, श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, आणि 1957 साली विविध भारती काढावी लागली. अशा वेळी गीताच्या मागे दहा गावांची नावे लागणे यात दहा ठिकाणच्या श्रोत्यांनी आपले ऐकणे जाहीर करणे होते. 'चाल'च्या टिपेत गाणे सांगितले जाई, ऐकणारा झाकलेला राही. फर्माईशीत ऐकणारा नावानिशी पुढे येतो. मात्र तेच गाणे का, हे तीही सांगत नाही.

जतसारख्या ठिकाणी या नोंदीची एक उणीव लक्षात घ्यावी लागते. मराठी केंद्राकडे गेलेले पत्र मराठीत, धारवाडकडे गेलेले कन्नडात. एकच माणूस दोन्हीकडे लिहीत असला तरी एका दप्तरात त्याचा अर्धाच कान नोंदला जाणार. 2022 साली सीमावाद पुन्हा उठला तेव्हा जत तालुक्यातील गावांची नावे दोन्ही राज्यांतील पुढाऱ्यांच्या तोंडी होती. पाण्याचा प्रश्न खरा होता, तो बाजूस राहून ही गावे कोणत्या भाषेची, यावर शब्द खर्ची पडले. त्याच गावी घरोघर काय ऐकले जाते, हे विचारले असते तर 'कोणत्या भाषेची' हा प्रश्नच एकवचनात टिकला नसता. हल्ली आवडलेले गाणे भ्रमणध्वनीवरून क्षणात पुढे धाडले जाते. त्यात चाल, गाव व कारण यांपैकी काही नसले तरी गाणे स्वतः असते, एवढा लाभ मान्य करावयास हवा.

तात्पर्याने काम उरते ते संपादकाचे. जुनी नाटके पुन्हा छापताना 'चाल'ची टीप निरुपयोगी म्हणून गाळणे हा सोपा मार्ग आहे. ती ठेवावयाची तर तिच्यातील कानडी शब्द शुद्ध करण्याचा प्रसंग येतो, आणि येथे देवनागरी अपुरी पडते. कन्नडात ए व ओ हे स्वर ऱ्हस्वही आहेत आणि दीर्घही. रूढ मराठी लेखनात हा भेद दाखविण्याची सोय नाही. 'कोडु' असे छापलेले असले तर ऱ्हस्व ओकाराने ते 'दे' होईल, दीर्घ ओकाराने 'शिंग' होईल. छापणाऱ्याने कानाने उतरून घेतलेल्या शब्दांत मात्रेची चूक कोठे व मूळ उच्चार कोणता, हे कन्नड कोशावरून सर्वस्वी ठरणार नाही. मूळ पद अजून ज्यांच्या भजनात किंवा तोंडात आहे अशी दुभाषी माणसे जत, अथणी, इंडी या पट्ट्यात गाठावी लागतील, त्यांना टिपेतील तेवढे दोन शब्द वाचून दाखवावे लागतील, आणि पुढचे ते काय म्हणतात ते ऐकावे लागेल.