दोन पायऱ्यांमधलं माप

कल्याण-कसारा मार्गावरच्या वाशिंद-आसनगावच्या कारखान्यांत राबणाऱ्या फिटर-टर्नरला गेजची ओळख करून द्यायला नको. एक टोक शिरलंच पाहिजे, दुसरं शिरता कामा नये. याच घराण्यातलं एक छोटं अवजार मला फार देखणं वाटतं: रायफलच्या पुंगळीचं केस गेज.

अमेरिकेत बरेच नेमबाज झाडलेल्या पुंगळ्या पुन्हा भरून वापरतात, त्यांच्या टेबलावर ते असतं. पोलादाचा ठेंगणा नळा, आतून चेंबरच्या आकारात कोरलेला. बुडाकडच्या तोंडावर एक बारीक पायरी. पुंगळी आत सोडायची आणि कडेवरून नख फिरवायचं. बूड दोन पातळ्यांच्या मधे बसलं तर माप बरोबर. वर डोकावलं तर खांदा, म्हणजे मानेखालचा उतार, पुढे राहिलाय, खालच्या पातळीच्याही आत गेलं तर तो जास्त मागे गेलाय. दुसऱ्या तोंडाची पायरी मान कापायला झाली का, ते सांगते. आकडा वाचायचा नाही, काटा बघायचा नाही.

वरणगावच्या आयुध कारखान्यात 7.62 मिमी काडतुसं बनतात. त्यांचं नागरी भावंड म्हणजे .308 विंचेस्टर. त्याच्या रायफलचं चेंबर तपासताना ‘गो’ गेज 1.630 इंचाचं आणि ‘नो-गो’ 1.634 इंचाचं. अंतर चार थाऊ (इंचाचे हजारांश), म्हणजे साधारण एक दशांश मिलिमीटर. केस गेजवर एवढासा फरक नखाला लागतो, हेच मला विलक्षण वाटतं.

नवशिक्याची खरी फसगत साइझिंग डायपाशी होते. बार उडताना पितळ फुगून चेंबरच्या भिंतीला टेकतं, म्हणून पुंगळी पुन्हा डायमध्ये दाबून बारीक करावी लागते. पण डाय आधी अंगाला आवळते. आवळलेलं पितळ जाणार कुठे? ते खांद्याला पुढे ढकलतं. म्हणजे अर्धवट दाबलेली पुंगळी आखूड व्हायच्या ऐवजी चक्क लांब होते, आणि बोल्ट बंद होताना अडतो. घाबरून डाय फार खाली उतरवली, तर खांदा गरजेपेक्षा मागे जातो. मग प्रत्येक बाराला पितळ बुडाजवळ ताणलं जातं, आतून खाच पडते आणि एक दिवस पुंगळी तिथेच तुटते. बोल्टच्या रायफलला खांदा झाडलेल्या पुंगळीच्या मापापेक्षा एक-दोन थाऊ मागे गेला की पुरतं. म्हणून डाय थोडी थोडी फिरवायची आणि दर वेळी पुंगळीचं वंगण पुसून गेजमध्ये टाकायची.

गेजला मर्यादाही आहे. विल्सन कंपनीच्या गेजसारखी काही गेज अंगाला मुद्दाम सैल कोरलेली असतात. ती लांबी सांगतात, जाडी नाही. बुडाच्या कडेला एक्स्ट्रॅक्टरने उठवलेली धार असली, तर चांगली पुंगळीही वर राहते. शेवटचा शब्द ज्या रायफलीत ती जायची तिच्या चेंबरचाच. पण आपल्याला विचारलं तेवढंच उत्तर देणारं इतकं चोख अवजार मला दुसरं माहीत नाही.

आपल्याकडे 1959 च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही, तेव्हा हा घरी करून पाहायचा उद्योग नव्हे. मात्र गेज हाताळणाऱ्या माझ्या वाशिंदकर मित्रांनी यातली पायरीची रचना एकदा नीट पाहावी.