विमा कंपनीविरुद्धच्या अपिलाची प्रक्रियात्मक वैधता : मोटार अपघात दाव्यांच्या संदर्भात एक चिकित्सा

सोलापूर जिल्ह्यातून जाणाऱ्या पुणे–हैदराबाद महामार्गावरील अपघातात घरातील कर्ता पुरुष गमावलेले कुटुंब नुकसानभरपाईसाठी न्यायालयाच्या आवारात येते, तेव्हा आपण दिवाणी दावा लावीत आहोत अशीच त्याची समजूत असते. जिल्हा न्यायाधीशच पीठासीन असल्याने ही समजूत स्वाभाविक आहे. परंतु कायद्याच्या दृष्टीने ती चुकीची ठरते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १७५ ने अशा भरपाईपुरती दिवाणी न्यायालयाची अधिकारिता वगळली आहे. निवाडा देते ते मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, आणि अपील होते ते दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९६ खाली नव्हे, तर कलम १७३ खाली थेट उच्च न्यायालयात. (मालमत्तेच्या विम्याचा करारावर आधारलेला वाद दिवाणी न्यायालयात चालू शकतो, तो प्रस्तुत चर्चेचा विषय नाही.)

कलम १७३ अपिलाचा अधिकार निवाड्याने व्यथित झालेल्या कोणत्याही व्यक्तीला देते. मुदत ९० दिवसांची असून सबळ कारण असल्यास विलंब माफ होतो. न्यायाधिकरणाने विमा कंपनीला मुक्त करून केवळ वाहनमालकावर बोजा टाकला, तर अर्जदार निःसंशय व्यथित असतो. विमा कंपनीविरुद्धचे त्याचे अपील वैध आहे आणि त्यासाठी त्याला रक्कमही जमा करावी लागत नाही. रु. २५,००० किंवा निवाड्याच्या निम्मी रक्कम, यांपैकी जी कमी ती भरण्याची अट रक्कम देणे लागणाऱ्यावर आहे. मात्र अपिलातील वादाची किमान रक्कम रु. १०,००० होती, ती १ एप्रिल २०२२ पासून रु. १ लाख झाली आहे. लहान दुखापतीच्या प्रकरणांत हा दरवाजा आता बंदच होतो.

येथपर्यंत फारसा वाद नाही. खरा प्रश्न दोन्ही पक्षांच्या अपिलांच्या व्याप्तीचा आहे.

विमा कंपनीला कोणते बचाव घेता येतील याची यादी कायद्यातच आहे. पूर्वी ती कलम १४९(२) मध्ये होती, २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १५० मध्ये आहे. मालक व अर्जदार यांचे संगनमत असेल किंवा मालकाने दावा लढविला नसेल, तरच न्यायाधिकरणाने लेखी कारणे नोंदवून कलम १७० खाली कंपनीला सर्व मुद्दे खुले करावयाचे. 'नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध निकोलेटा रोहतगी' (२००२) या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने ही चौकट अपिलालाही लावली. अशी परवानगी नसेल तर कंपनीने भरपाईच्या रकमेवर अपील करावयाचे नाही. पुढे 'युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध शिला दत्ता' (२०११) मध्ये भेद करण्यात आला. कंपनीला केवळ नोटीस असेल तर मर्यादा लागू. तिला पक्षकार केले असेल तर सर्व मुद्दे खुले.

हा भेद तर्काला सुसंगत वाटतो. व्यवहारात तो टिकत नाही. वाहनमालकापाठोपाठ विमा कंपनीचे नाव जाबदार म्हणून लिहिणे हा वकिलांचा रुळलेला प्रघात आहे. म्हणजे जी परवानगी न्यायाधिकरणाने कारणे देऊन द्यावयाची, ती अर्जदाराच्या अर्जाच्या शीर्षकातूनच कंपनीला मिळते. कलम १७० त्यामुळे बहुतांशी निरुपयोगी ठरते. संसदेने घातलेली मर्यादा टंकलेखनाच्या सवयीने उठावी, हे पटण्यासारखे नाही.

कुटुंबाच्या बाजूने मात्र प्रक्रिया इतकी उदार नव्हती. 'रंजना प्रकाश' (२०११) प्रकरणानुसार, कंपनीच्या अपिलात अर्जदार मिळालेल्या रकमेचे समर्थन अन्य कारणांनी करू शकतो. पण स्वतःचे अपील वा प्रति-आक्षेप नसल्यास वाढ मिळवू शकत नाही. 'सुरेखा विरुद्ध संतोष' (२०२०) हे प्रकरण महाराष्ट्रातीलच. अधिक रक्कम देय आहे हे मुंबई उच्च न्यायालयाला मान्य होते, तथापि अर्जदारांनी अपील केले नव्हते म्हणून ती नाकारण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने हा दृष्टिकोन अतितांत्रिक ठरविला. 'न्याय्य भरपाई' हे कायद्याचेच शब्द असल्याने ही भूमिका अधिक ग्राह्य आहे. परंतु दोन्ही निर्णय समोर असताना कोणत्या पीठापुढे कोणता प्रभावी ठरेल याची शाश्वती कोणता वकील देईल? कंपनीचे अपील येईल आणि त्यातच वाढ मागता येईल, या भरवशावर ९० दिवस घालविणे धोक्याचे आहे.

१८ ऑगस्ट २०२५ पासून सोलापूरची अपिले मुंबईऐवजी उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचपुढे जाऊ लागली. मुंबईची फेरी, तेथील वकिलाची फी आणि मुक्काम यांपायी स्वतःचे अपील टाळणाऱ्या कुटुंबांना ते आता तुलनेने आवाक्यात आले आहे. पण अंतर कंपनीसाठीही तितकेच घटले आहे, आणि तिच्या अपिलाची व्याप्ती अजूनही अर्जाच्या शीर्षकातील जाबदारांच्या नावांवरच ठरते.