‘हम लोग’मधले ‘आपण’ आणि ‘आम्ही’

हिंदीतला ‘हम’ मराठीत आणताना माझा हात दरवेळी अडतो. हिंदी बोलणारा ‘हम’ म्हणून मोकळा होतो. मराठीला मात्र तिथेच ठरवावं लागतं, की समोरचा माणूस त्यात धरायचा की नाही. धरायचा असेल तर ‘आपण’, नसेल तर ‘आम्ही’. गुजरातीत ‘आपणे’ आणि ‘अमे’, तेलुगूत ‘मनं’ आणि ‘मेमु’, तमिळमध्ये ‘नाम्’ आणि ‘नांगळ्’ अशी हीच विभागणी आहे. बंगालीतल्या ‘आमरा’ला ही अडचण नाही. प्रमाण हिंदीलाही नाही, जरी मध्य प्रदेशातल्या बोलण्यात ‘अपन’ स्वतःची जागा राखून आहे. शिवाय मराठी ‘आपण’ आणखी एक काम करतो. अनोळखी किंवा थोर माणसाला ‘आपण बसावं’ असंही आपण म्हणतो. म्हणजे एकच शब्द समोरच्याला जवळ घेतो आणि अंतरावरही ठेवतो. समाजबदलाच्या हेतूनं केलेल्या मालिका, ध्वनिफिती, वार्तापत्रं यांची समीक्षा करायची तर ती या शब्दापासून सुरू करावी, असं मला अलीकडे वाटू लागलं आहे.

याला कारण घरचंच आहे. काही वर्षांपूर्वी एका संस्थेसाठी मी शौचालयांविषयीच्या ध्वनिफितींच्या संहिता हिंदीतून मराठीत केल्या. मूळ संहितेत सगळीकडे ‘हमें यह करना होगा’ अशी वाक्यं होती. ‘तुम्ही’ उर्मट वाटेल म्हणून मी सरसकट ‘आपण’ केलं आणि स्वतःवर खूश झाले. मराठवाड्यातल्या एका गावात त्या फिती ऐकवल्या तेव्हा मीही गेले होते. शाळेच्या व्हरांड्यात दहा-बारा बायका बसल्या होत्या. ‘आपण उघड्यावर जाणं थांबवलं पाहिजे’ हे वाक्य आलं आणि एक आजी माझ्याकडे वळून म्हणाल्या, “म्हंजी बाई, तुमी बी भाईर जाता का?” सगळ्या हसल्या, मीही हसले. पण त्या गावात पाण्याला टँकर येत होता, आणि शौचालयात ओतायचं पाणी कुठून आणायचं हे फितीत कुठेच नव्हतं. ‘आपण’मध्ये खरोखर असलेल्या माणसाला तो प्रश्न आधी पडला असता.

त्यानंतर मी ‘हम लोग’ ही मालिका संहिता म्हणून वाचावी तशी पाहायला घेतली. ती दूरदर्शनवर 7 जुलै 1984 ते 17 डिसेंबर 1985 या काळात चालली, तेव्हा मी फार लहान होते. लेखक मनोहर श्याम जोशी, दिग्दर्शक पी. कुमार वासुदेव. दीडशेहून अधिक भागांची ही कथा एका निम्नमध्यमवर्गीय कुटुंबाची: दारुडा बसेसर राम, त्याची सोशिक बायको भागवंती, आजी-आजोबा, आणि बडकी, मझली, छुटकी, लल्लू, नन्हे ही मुलं. मालिकेचा सांगाडा मेक्सिकोतून आला होता. तिथे मिगेल साबिदो यांनी सत्तरच्या दशकात मालिकांमधून साक्षरता आणि कुटुंबनियोजन पोचवण्याची एक पद्धत बसवली होती. त्या पद्धतीत काही पात्रं अनुकरणीय, काही टाळावीत अशी, आणि काही या दोन्हींच्या मध्ये चाचपडणारी असतात. भागाच्या शेवटी एखादी प्रतिष्ठित व्यक्ती येऊन बोध सांगते. ‘हम लोग’मध्ये ते काम अशोककुमार यांनी केलं. मिश्कील, आजोबांच्या स्वरात ते प्रेक्षकांशी बोलत, आणि पुढच्या भागांत तर ‘हम लोग’ हे दोन शब्द वेगवेगळ्या भारतीय भाषांत उच्चारून निरोप घेत.

अनुवादकाच्या कानाला तो निरोप खटकतो. हिंदीत जे निर्धास्त होतं ते तमिळ-तेलुगू-मराठीत पोचताच प्रश्न होतं: या लोकांत पाहणारा आहे की नाही? अशोककुमारांच्या बोलण्यात ‘हम’ बहुतेक वेळा ‘आपण’ असतो. पण तो उपदेश करणाऱ्याचा ‘आपण’ आहे, ‘आपण बसावं’च्या जवळचा. कथेतला ‘हम’ वेगळा आहे. तिथे भांडण, कर्ज, हुंडा, स्वयंपाकघरातली कुजबुज आहे आणि पाहणाऱ्याला आत घ्यायला कुणी मुद्दाम येत नाही. तरी तो आत येतो.

याचा पुरावा भागवंती. योजनेप्रमाणे ती ‘टाळावी अशी’ बाजू होती. सगळं मुकाट्यानं सोसणाऱ्या बाईचं काय होतं हे तिच्याकडे पाहून कळावं, असा हेतू. पण अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स यांनी प्रेक्षकांचा अभ्यास केला तेव्हा अनेकांना भागवंतीच आदर्श वाटल्याचं दिसलं. संज्ञापनशास्त्रात हे उदाहरण सहसा फसगत म्हणून सांगितलं जातं: संदेश उलटा पोचला. मला ते पूर्णपणे पटत नाही. सोशिकपणा हा सद्गुण मानणं घातक आहे, हे उघड आहे. पण भागवंतीच्या बाजूनं उभ्या राहिलेल्या बाईनं कदाचित एवढंच म्हटलं असेल, की हिला मूर्ख ठरवू नका. हिच्याजागी मी काय करते ते मला ठाऊक आहे. तक्त्यात तिचं नाव कोणत्या रकान्यात होतं, याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं.

आणि लेखक कोण होता हे विसरून चालणार नाही. ‘कुरु कुरु स्वाहा’ (1980) या कादंबरीत ज्यानं निवेदकाच्या ‘मी’चेच तीन तुकडे केले, त्या जोशींकडून माणसं एका रकान्यात बसवून घ्यायची अपेक्षा मुळातच अवघड होती. मालिकेच्या सुरुवातीला कुटुंबनियोजनाचा उपदेश ठळक होता. पहिल्या तेरा भागांनंतर, प्रेक्षक कंटाळल्याचं दिसल्यावर, तो पातळ केला गेला आणि गोष्ट पुढे आली. मग पत्रांचा पूर आला. एकूण पत्रं सुमारे 4 लाख असावीत असा अंदाज आहे. कर्करोग झालेल्या आजीला मारू नका, अशी विनवणी करणारीही त्यांत होती. हा प्रेक्षकांचा ‘आपण’ होता. दूरदर्शनला तो हवा होता, पण त्याचं पुढे काय करायचं हे ठरलेलं नव्हतं. प्रायोजकाला मात्र ठाऊक होतं. मॅगी नूडल्स याच मालिकेच्या पाठीवर बसून घरोघर पोचल्या, आणि पुढे प्रायोजित मालिकांची रांग लागली.

पत्रं आली तर त्यांचं काय करायचं, याचं एक उत्तर आपल्याकडे त्याआधी तीन दशकं मिळालं होतं, तेही मराठीत. 1956 साली युनेस्कोच्या मदतीनं पुणे आकाशवाणीवरून दीडशे गावांसाठी शेतकी कार्यक्रमांचा एक प्रयोग झाला. आठवड्यातून दोनदा, एकूण वीस कार्यक्रम. गावातल्या मंडळानं एकत्र बसून ऐकायचं, मग त्यावर चर्चा करायची, आणि शंका केंद्राकडे पाठवायच्या. त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांत येत. मूल्यमापन करणाऱ्या पॉल न्यूराथ यांनी तुलनेसाठी दोन प्रकारची गावं निवडली होती: रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी, आणि दोन्ही नाही अशी. मंडळांच्या गावांत लोकांची माहिती ठळकपणे वाढली; नुसत्या रेडिओच्या गावांत फारच थोडी. म्हणजे रेडिओसंच तोच आणि कार्यक्रमही तेच, पण फरक पडला तो ऐकणाऱ्यांना परत बोलता आलं तिथे.

बुंदेलखंडातल्या ‘खबर लहरिया’नं तर पत्र लिहिणाऱ्यालाच वार्ताहर केलं. 2002 साली उत्तर प्रदेशातल्या चित्रकूटहून, बुंदेली बोलीत निघालेलं हे वृत्तपत्र ग्रामीण बायका चालवत, त्यांत बऱ्याच दलित. 2009 मध्ये त्याला युनेस्कोचा साक्षरता पुरस्कार मिळाला. समीक्षक म्हणून मला त्याचं व्याकरण महत्त्वाचं वाटतं: बातमी आज्ञार्थात लिहिता येत नाही. ‘हातपंप दुरुस्त ठेवा’ असं नव्हे, तर हातपंप किती दिवस बंद आहे आणि कुणी काय उत्तर दिलं, असं लिहावं लागतं. याच बायकांवरचा ‘रायटिंग विथ फायर’ हा माहितीपट 2022 च्या ऑस्करसाठी नामांकित झाला, तेव्हा त्यांनी जाहीर निवेदन काढून सांगितलं, की त्यात आमचं काम अपुरं दिसतं. जग कौतुक करत असताना असं म्हणायला धाडस लागतं. त्या निवेदनाचा सूर मराठीत आणायचा तर ‘आम्ही’च लिहावं लागेल. आमच्याविषयी बोलताना आम्हाला विचारा, असा त्याचा अर्थ.

यावर एक आक्षेप रास्त आहे. लसीची तारीख सांगताना चर्चा कसली करायची? ‘रविवारी बाळाला घेऊन या’ हे आज्ञार्थातच सांगितलं पाहिजे. मान्य. पण मग ते सरळ ‘तुम्ही’ म्हणून सांगावं. सांगणारा आणि ऐकणारा वेगळे आहेत हे लपवू नये. ऐकणारीला ते कळतंच. त्या आजींनाही कळलं होतं.

फितींच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी मी ‘आपण’ काढून ‘तुम्ही’ सुचवलं, आणि पाण्यावर एक संवाद घालायला सांगितलं. ‘तुम्ही’ रुक्ष वाटतं म्हणून पहिली सूचना नाकारली गेली. संवादाला वेळ पुरत नव्हता. फिती आहेत तशाच आहेत, आणि त्यांतला ‘आपण’ माझा आहे. हल्ली असं काम आलं की मी शब्दांच्या दराआधी एक गोष्ट विचारते: यातला ‘हम’ कोण आहे? बरेचदा उत्तर यायला दोन-तीन दिवस लागतात.